ज्वारीच्या पानांवरील रोग कसा मोजला गेला

ज्वारीवर करपा किंवा तांबेरा पडला आहे, एवढें कोणीही शेतकरी पाहतांक्षणीं सांगतो. तो किती पडला, हा प्रश्न मात्र निराळा आहे. आणि त्याचें उत्तर देण्याची रीत ज्वारीच्या शेतांत नव्हे, तर ऑस्ट्रेलियांतील गव्हाच्या शेतांत घडली.

१८८९ सालीं तेथील गव्हावर तांबेऱ्याची मोठी सांथ आली. कोणती जात टिकली, याविषयीं मतें पुष्कळ. पण एकाचा 'थोडा' तांबेरा दुसऱ्यास 'बराच' वाटे. न्यू साउथ वेल्सच्या कृषिखात्यांतील नेथन कॉब यांनीं १८९२ च्या सुमारास पानांचीं पांच चित्रें प्रसिद्ध केलीं. त्यांवर तांबेऱ्याचें प्रमाण शेंकडा १, ५, १०, २० व ५० असें दाखविलें होतें. शेतांतलें पान चित्राशेजारीं धरावें आणि आकडा लिहावा. युक्ति साधीच, पण आतां शब्दांऐवजीं आकड्यांची तुलना होऊं लागली.

पुढें नेत्रांवरच संशय आला. १९४५ सालीं अमेरिकेंत हॉर्सफॉल व बॅरट यांनीं बारा पायऱ्यांची श्रेणी सुचविली. त्यांचें म्हणणें असें कीं, अर्ध्याहून कमी पान बिघडलें असतां डोळा रोग मोजतो, आणि अर्ध्याहून अधिक बिघडलें असतां उरलेला हिरवा भाग मोजतो. म्हणून मधल्या पायऱ्या रुंद ठेवाव्या. ही श्रेणी साठ वर्षें वापरांत राहिली. २००६ सालीं नटर व एस्कर यांनीं कसोटी लावली, तेव्हां मधल्या प्रमाणांतहि डोळा बराच बारकाईनें भेद करतो असें दिसलें. एवढा दीर्घकाळ एक तर्क सिद्धान्ताच्या मानानें वावरला, हें मला या इतिहासांतलें सर्वांत बोधक प्रकरण वाटतें.

ज्वारीपाशीं तर फसगतीच्या वाटा अधिक. एकाच बुरशीचा डाग एका जातीवर लालजांभळा, तर दुसरीवर फिकट बदामी उमटतो; भडक रंगाची जात उगीचच अधिक आजारी भासते. अनेक बारीक ठिपके, तेवढ्याच क्षेत्राच्या थोड्या मोठ्या डागांपेक्षां जास्त वाटतात. खालचीं पानें तर वयोमानानेंच वाळतात. शिवाय प्रत्येक ताटावर एकेक ठिपका असला तर लागण शंभर टक्के म्हणतां येतें, पण पानांचा शंभरावा भागहि गेलेला नसतो! वर्तमानपत्रांत हे दोन आकडे एकमेकांच्या जागीं बसलेले पुष्कळदां आढळतात.

हैदराबादजवळील पाटणचेरूच्या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेंत १ ते ९ अशी श्रेणी वापरतात. १ म्हणजे नीरोगी, ९ म्हणजे तीनचतुर्थांशाहून अधिक पान गेलेलें. पाहणी करणारानें नजरेस भरणारें ताट निवडावयाचें नसतें, ठरलेल्या अंतरावर जें येईल तेंच घ्यावयाचें. तेथें दोन पायऱ्यांची चूक झाली तर दाणा व कडबा दोन्ही चांगला देणारी जात बाद होते, किंवा करप्यास बळी पडणारी जात बियाण्यासाठीं पुढें जाते. हल्लीं छायाचित्रावरून यंत्रहि डाग मोजतें. परंतु चिखलाचा शिंतोडा आणि वाळलेलें म्हातारें पान त्यासहि कधीं रोगच भासतें, म्हणून त्याचा आकडा पारखण्यास कोणी तरी शेतांत जावेंच लागतें.