महाडचे पाणी आणि आपण

इतिहासाच्या तासाला महाडच्या सत्याग्रहाविषयी बोलत होतो. माझी शाळा उर्दू माध्यमाची. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, इसमें हमारा क्या है?" प्रश्न भाबडा होता, पण मी त्या दिवशी घरी गेलो तो तोच प्रश्न डोक्यात घेऊन.

महाड हे सावित्रीकाठचे छोटे गाव. महाबळेश्वरला उगम पावलेली ही नदी बाणकोटजवळ समुद्राला मिळते. भरतीच्या पाण्यावर गलबते खाडीतून आत येत आणि वरंधा घाटाने माल देशावर जाई. गावाजवळच्या गांधारपाले येथील बौद्ध लेणी या वाटेचे जुनेपण सांगतात. 1802 मध्ये होळकरांनी पुण्याजवळ पराभव केल्यावर दुसरा बाजीराव याच महाडला आला आणि पुढे किनाऱ्याने वसईला गेला. खाडीकाठच्या गावांतले आपले कोकणी मुसलमान खलाशी, तांडेल, व्यापारी, शेतकरी म्हणून नांदले. शाळेत उर्दू, घरात कोकणी, बाजारात मराठी अशी आपली बोलण्याची रीत. नदी सर्वांची होती. तळे मात्र सर्वांचे नव्हते.

1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्याला अनुसरून 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. पण ते कागदावरच राहिले. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि जमावाने परतणाऱ्या माणसांवर लाठ्या चालवल्या. त्या धावपळीत कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला.

डिसेंबरात पुन्हा परिषद ठरली. बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगावच्या बंदरात उतरले आणि तेथून चालत महाडला गेले. गावात मंडपासाठी जागा द्यायला कुणी तयार नव्हते. जागा दिली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने. 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृतीचे दहन झाले ते याच परिषदेत. तळ्याचा खटला पुढे दहा वर्षे चालला. 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

हे सांगताना माझी छाती भरून येते. पण शिक्षकाने अर्धाच धडा शिकवू नये. त्याच चवदार तळ्याचे पाणी मुसलमानांना खुले होते. आपल्या बायाबापड्या तेथून पाणी भरत होत्या आणि शेजारचा माणूस काठावर उभा राहू शकत नव्हता. फत्तेखानांनी जागा दिली, काही घरांनी दारे उघडली. बाकीच्यांनी वर्षानुवर्षे त्या तळ्यावर काय पाहिले? 'आपल्याला मिळते ना' एवढ्यावर समाधान मानणे हाही एक गुन्हाच असतो. समतेचा पैगाम ज्यांच्याकडे आहे, त्यांना तर तो अधिकच लागू होतो.

पुढे पाण्याने आपला हिशेब वेगळ्याच रीतीने मांडला. 2005 च्या जुलैत महाड तालुक्यात दरडी कोसळल्या. जुई, रोहन, कोंडिवते आणि बाबासाहेब जेथे उतरले ते दासगाव शोकात बुडाले. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी बसगाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. जुलै 2021 मध्ये पुराने महाड पुन्हा बुडाले आणि तळियेवर डोंगर कोसळला. पूर मोहल्ला पाहत नाही, वाडी पाहत नाही. माणसानेच तेवढी भेदाची रेघ ओढलेली असते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात त्या मुलाला उत्तर दिले. म्हटले, "बेटा, यात आपली एक जागा आहे, जी आपल्यातल्या एकाने दिली. आणि एक गप्प बसणेही आहे, तेही आपलेच. दोन्ही लिहून घे."

त्याने वहीत दोन्ही लिहिले. उर्दूत, उजवीकडून डावीकडे. पण ती गोष्ट महाडची होती, म्हणजे आपलीच होती.