यंत्राची साक्ष आणि माणसाचा जबाब



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजिले आहे, ते आमचे गुरुजी याच शाळेत गणित शिकवीत. उत्तर बरोबर असले तरी नुसत्या उत्तराला ते गुण देत नसत. 'रीत दाखव,' एवढेच म्हणत. मी पुढे मराठीचा प्राध्यापक झालो आणि गणिताशी संबंध सुटला. ते दोन शब्द मात्र सुटले नाहीत. संगणक-व्यवसायातील नीती व कायदेशीर दायित्व हा विषय मी निवडला तो त्या दोन शब्दांच्या भरवशावर. तंत्राविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. मला सांगावयाचा आहे तो एका खटल्याचा इतिहास.

ब्रिटनमध्ये खेडोपाडी किराणा दुकानाला जोडून पोस्टाची शाखा चालविण्याची जुनी पद्धत आहे. चालक हा पोस्ट ऑफिसचा नोकर नसतो, कंत्राटदार असतो. आणि हिशेबात तूट आली की ती त्याच्याकडून वसूल केली जाई. १९९९ पासून या शाखांत 'होरायझन' नावाची संगणकीय हिशेबप्रणाली बसविण्यात आली. ती पुरविणारी कंपनी जपानच्या फुजित्सू उद्योगसमूहाची होती. थोड्याच काळात निरनिराळ्या शाखांत न समजणाऱ्या तुटी दिसू लागल्या. मदतकेंद्राकडे विचारणा केली, तर अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात, असे अनेकांना सांगण्यात आले. कोणी घर गहाण टाकून तूट भरली, कोणी नातलगांकडून उसने घेतले. पोस्ट ऑफिस स्वतःच तपास करी आणि स्वतःच खटलाही भरी. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण दोषी ठरले. त्यांपैकी सुमारे ७०० खटले पोस्ट ऑफिसनेच भरलेले होते. सरे परगण्यातील वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या चालिकेला २०१० साली पंधरा महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्या गर्भवती होत्या.

यंत्राच्या शब्दावर न्यायालयाने इतका विश्वास का ठेवला? उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे. इंग्लंडच्या १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्यातील कलम ६९ अन्वये, संगणक नीट चालत होता हे दाखविल्याखेरीज त्यातील नोंद पुराव्यात घेता येत नसे. ही अट जाचक आहे असे विधी आयोगाने १९९७ मध्ये सुचविले आणि एप्रिल २००० मध्ये कलम रद्द झाले. त्यानंतर उलट गृहीतक चालू झाले : यंत्र बरोबरच आहे, चूक असल्यास ती आरोपीने दाखवावी. पण गावच्या दुकानदाराने ती दाखवावी कशी? प्रणालीच्या अंतरंगातील नोंदी त्याच्या हाती नव्हत्या.

आपल्याकडची रोजकीर्द आणि खतावणी आठवून पाहा. मोडीतील जुन्या वहीत लिहिणाऱ्याचे वळण ओळखू येते. खोडले तर खोडल्याची खूण राहते, आणि 'हे कोणी लिहिले?' असे विचारता येते. होरायझनच्या वहीत कंपनीचे कर्मचारी दुरून बदल करू शकत होते, आणि शाखाचालकाला त्याचा पत्ता लागत नसे. स्कॉटलंडच्या डॅल्मेलिंग्टन गावाच्या नावाने ओळखल्या गेलेल्या दोषात ८,००० पौंडांची एकच रक्कम चार वेळा नोंदली जाऊन ३२,००० झाली होती.

हे दोष कोणालाच ठाऊक नव्हते असे नाही. कंपनीच्या ज्या तज्ज्ञाच्या साक्षीवर खटले उभे होते, त्याने स्वतःला माहीत असलेले दोष न्यायालयापुढे मांडले नव्हते, असा लेखी अभिप्राय २०१३ साली पोस्ट ऑफिससाठी काम करणाऱ्या वकिलानेच दिला होता. तरी शिक्षा कायमच राहिल्या. अखेर अ‍ॅलन बेट्स या माजी शाखाचालकाच्या पुढाकाराने ५५५ जणांनी दावा लावला. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी प्रणालीतील दोष न्यायनिर्णयात नोंदविले. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांना निर्दोष ठरविले. त्यांत सीमा मिश्राही होत्या. उरलेल्यांसाठी २०२४ मध्ये संसदेला स्वतंत्र कायदाच करावा लागला. चौकशीच्या जुलै २०२५ मधील अहवालखंडात या प्रकरणाशी निगडित असू शकणाऱ्या किमान १३ आत्महत्यांचा उल्लेख आहे. त्या भरून देता येणार नाहीत.

आचारसंहिता नव्हत्या म्हणून हे घडले काय? ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटी १९५७ पासून आहे. अमेरिकेतील असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरीने १९७२ मध्येच व्यावसायिक आचारसंहिता स्वीकारली होती. उणीव होती ती माहीत असलेले वेळीच बोलण्याची.

योगायोग असा की, ज्या वर्षी इंग्लंडने ती अट काढली, त्याच वर्षी, ऑक्टोबर २००० मध्ये, आपण तशीच अट स्वीकारली. माहिती तंत्रज्ञान कायद्याने पुरावा अधिनियमात कलम ६५ ब घातले. संगणक नीट चालत होता काय, यासंबंधी जबाबदार व्यक्तीच्या सहीचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून उद्भवलेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये हे प्रमाणपत्र सामान्यतः अनिवार्य ठरविले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने त्यात तज्ज्ञाच्या सहीचीही भर घातली आहे. तरतूद चांगली आहे. परंतु न पाहता केलेली सही म्हणजे पुन्हा ते जुने गृहीतकच होय.

मराठीत 'जबाब' या शब्दाला दोन अर्थ आहेत : उत्तर, आणि न्यायासाठी नोंदविलेले कथन. 'जबाबदारी' हा शब्द त्यातूनच आला. 'उत्तरदायित्व' या संस्कृत घडणीच्या शब्दातही उत्तरच आहे. यंत्र आकडा देते, जबाब देऊ शकत नाही. तो माणसानेच द्यावयाचा असतो. या शाळेचे कितीतरी विद्यार्थी आज पुणे, बंगळूर, हैदराबाद येथे संगणकाच्या आज्ञावली लिहितात. त्या आज्ञावलीच्या पलीकडच्या टोकाला कोणीतरी दुकानदार, कोणीतरी गर्भवती स्त्री आहे, हे त्यांनी विसरू नये. आपला आकडा चुकला असेल अशी शंका आली, तर ती दडवू नये. विचारणाऱ्याला 'तुम्ही एकटेच' असे सांगू नये.

रीत दाखवावी. गुरुजींचे ऋण फेडण्याचा याहून वेगळा मार्ग मला ठाऊक नाही.