कातारी, टाक आणि लेखणीचा संच

‘कातारी’ हा शब्द आज नाशिककराच्या कानी पडतो तो बहुधा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या संदर्भात. तेथे जोडारी, संधाता यांच्या पंक्तीला बसलेला कातारी लोखंडाशी झुंजतो. मूळचा कातारी मात्र लाकडाचा. लाटणी, भोवरे, पाळण्याचे खूर ही त्याची निर्मिती. पाणिनीय धातुपाठात ‘कृत्’ धातू छेदन आणि वेष्टन अशा दोन अर्थांनी येतो. मराठी ‘कातणे’ या क्रियापदातही सूत काढणे आणि फिरत्या लाकडावर पटाशी धरून त्यास आकार देणे हे दोन अर्थ एकत्र नांदतात. (भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश सिद्ध करणाऱ्या टर्नर यांचे आडनावही अर्थतः कातारीच!)

लेखणीशी कातार्‍याचा संबंध आला तो उशिरा. बोरू लिहिणारा स्वतःच तासून घेई. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमची पोलादी निब आली व टाक रूढ झाला : निब परदेशी, दांडी लाकडाची. लिहिणारे अंग एकाने करावे आणि धरावयाचे दुसऱ्याने, ही फाळणी तेव्हापासूनची होय. पितळी नळ्या, फिरकी व टोक असा जो सुटा संच आज नवशिक्या कातार्‍याच्या हाती पडतो, तो या टाकाचाच वंशज म्हटला पाहिजे.

फाळणी सांधण्याचे यत्नही झाले. राजमहेंद्रीच्या रत्नम् यांचे हाताने कातलेले फाउंटन पेन ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोहोचले. बाजारातील परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो, असे गांधीजींनी जुलै १९३५ मध्ये वर्ध्याहून कळविले. त्या कारागिरीत दांडी हे नुसते वेष्टन नव्हते. टोपणाचे आटेदेखील कातार्‍याच्याच हातचे.

संच निवडताना हीच कसोटी लावावी : हाताला काम किती उरते? प्रथम जो संच सुचविला जातो तो सात मिलिमीटर छिद्राचा, दोन नळ्यांचा सडपातळ नमुना. तो स्वस्त आहे, चुका पचवितो. परंतु टोकांशी लाकडाची भिंत इतकी पातळ राहते, की नाशिकचा पावसाळा सरून हवा कोरडी झाली म्हणजे लाकूड आकसते, पितळ आकसत नाही, आणि तडा जातो. पूर्ण वाळलेलेच लाकूड घ्यावे. मधली कडी गाळून दांडी किंचित फुगीर ठेवल्यास दोषही झाकतो व हातालाही बरे वाटते. फिरकी मात्र थोडी थोडी दाबावी. प्रमाणाबाहेर आत गेली तर कांडीचे टोक मिटतच नाही. दुसऱ्या खेपेस एकाच नळीचा, पार्कर धर्तीची कांडी घेणारा संच घ्यावा. तशी कांडी कोठल्याही लेखनसाहित्याच्या दुकानात मिळते, शिवाय लाकूडही सलग राहते.

लाकडाकरिता दूर जाण्याचे कारण नाही. काळा कुडा बारीक पोताचा असून कातकामास फार अनुकूल आहे. चन्नपट्टणची खेळणी त्याचीच. झिलईच्या बाबतीत तर परदेशी बाटली विकत घेण्याची प्रथा मला चमत्कारिक वाटते. त्या द्रवातील मुख्य द्रव्य लाखच. सावंतवाडीचा कारागीर लाखेची कांडी फिरत्या लाकडावर टेकवितो, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पृष्ठावर पसरते, आणि केवड्याच्या पात्याने तो तिला चकाकी आणतो.