थ्रेड: कोलंबो, हार्वर्ड आणि पुण्याचा पालीचा वर्ग

सडक अर्जुनीचा विद्यार्थी आज पालीच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी नागपूर विद्यापीठात जाऊ शकतो. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र ही भाषा शिकण्यासाठी मराठी माणसाला समुद्र ओलांडावा लागला.

१८९९ मध्ये घर सोडलेले धर्मानंद कोसंबी पुणे, काशी, नेपाळ असे फिरत १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय परिवेणात पोहोचले. गोव्यातील साखवळच्या या तरुणाजवळ एकही पदवी नव्हती. त्यांनी सिंहली भिक्खूंकडून पाली आत्मसात केली. पुढे ब्रह्मदेशातही अध्ययन केले.

कलकत्ता विद्यापीठातील २५० रुपयांचे वेतन सोडून त्यांनी सयाजीराव गायकवाडांची मासिक ५० रुपयांची वृत्ती स्वीकारली, कारण तिच्यामुळे महाराष्ट्रात राहून काम करता येणार होते. हिशेबाने हा व्यवहार तोट्याचाच!

१९१० मध्ये हार्वर्डचे निमंत्रण आले. बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाचे संपादन हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनामुळे अपुरे राहिले होते. कोसंबींनी ते हाती घेतले. परंतु श्रेय कोणाचे, मुखपृष्ठावर नाव कोणाचे, यावरून प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी तीव्र मतभेद झाले. हा केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हता. आशियातील पंडित हा पाश्चात्त्य विद्यापीठाचा साहाय्यक की समान अधिकाराचा संशोधक, हे त्यातून ठरणार होते. कोसंबी १९१२ मध्ये परतले, पुढेही या कामासाठी पुन्हा अमेरिकेला गेले. ग्रंथ अखेर १९५० मध्ये प्रसिद्ध झाला, तो वॉरन आणि कोसंबी या दोघांच्या नावांनी. तोवर लॅनमन हयात नव्हते. कोसंबींनीही ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे देह ठेवला होता.

'जागतिक नागरिकत्व' हा शब्द आज विद्यापीठांच्या उद्दिष्टपत्रांत सर्रास आढळतो. तेथे जग म्हणजे बहुधा पश्चिम, असेच गृहीत असते. कोसंबींच्या नकाशावर कोलंबो बोस्टनच्या आधी येते, आणि १९२९ मध्ये लेनिनग्राडही.

या प्रवासाचे खरे फळ पुण्यात दिसले. १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकवली. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट पुढे स्वतः हार्वर्डला गेले आणि मूळ पाली 'विसुद्धिमग्गा'ची तुलना त्यांनी चिनी भाषांतरातून टिकून राहिलेल्या 'विमुत्तिमग्गा'शी केली. तो अभ्यास १९३७ मध्ये पुण्यातून प्रसिद्ध झाला.