‘अस्तुरियास’ : एका वाद्याची दोन घराणी

‘अस्तुरियास’ ही स्पॅनिश रचना गिटारवर इतकी रुळली आहे की, ती मुळात पियानोसाठी लिहिलेली होती यावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. इसाक आल्बेनिझने १८९०च्या दशकाच्या आरंभी ती लिहिली. गिटारसाठी म्हणून त्याने काहीच लिहिले नाही. हे नावही त्याचे नव्हे. १९०९ साली तो वारल्यावर प्रकाशकाने ते चिकटवले. अस्तुरियास हा उत्तरेचा प्रांत, आणि रचनेचा सूर मात्र थेट दक्षिणेतल्या अंदालुसियाचा! अंगठ्याने खर्जात धून वाजवायची आणि वर एकाच सुरावर बोटांनी सतत आघात करायचा, ही फ्लामेंकोवाल्यांच्या हातातली चाल आल्बेनिझने पियानोच्या पट्ट्यांवर उतरवली. पुढे ती गिटारवर परतली, पण सासरचे वळण घेऊन.

परतली ती आंद्रेस सेगोव्हियाच्या हातून गाजली. १९२२ साली ग्रानादात फाल्या आणि लोर्का यांनी जुन्या फ्लामेंको गायकीसाठी स्पर्धा भरवली, त्या मंडळींत सेगोव्हियाही होता. पुढे मात्र गिटारला गुत्त्यातून सोडवून सभागृहात नेले, असे तो अभिमानाने सांगे. वास्तविक अंतोनिओ दे तोर्रेस (१८१७–१८९२) या कारागिराच्या दुकानात सायप्रसची आणि शिसवी, दोन्ही गिटारे होत. फरक मुख्यतः किमतीचा. सायप्रसचे ते फ्लामेंकोचे आणि शिसवी ते अभिजात, ही वाटणी मागाहूनची.

आमच्या सीमाभागातल्या मराठीला कानडी हेल आहे म्हणून पुण्याकडचे पाहुणे हसतात, तेव्हा मला ही वाटणी हटकून आठवते.

तरीही सेगोव्हियाला मी दोष देणार नाही. त्याने स्वराला जी गोलाई दिली, ती आधी क्वचितच कोणी दिली असेल. हरवला तो ताल. पाको दे लुसियाला स्वरलिपी धड वाचता येत नव्हती. त्याने १९९१ साली रोद्रिगोचा ‘आरान्हुएस’ कॉन्सर्टो वाजवला, नव्वदीला टेकलेल्या रोद्रिगोच्या समक्ष. त्याचा भर लयीवर होता. अभिजात वादक स्वर सजवण्यासाठी मात्रा ताणतो, पाको ताणत नाही.

‘अस्तुरियास’ ऐकताना मी हेच तपासतो. मधला संथ भाग गाण्यासारखा आहे. तिथे वादकाने हवे तितके रेंगाळावे. पण सुरुवातीच्या आघातांत तो रेंगाळला, तर नाचणाऱ्याचे पाऊल अधांतरी राहते.