कातळफुलांचे धनी

नळदुर्गाचे नाव निघाले की पाणीमहालाचे नाव त्यामागोमाग येतेच. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत बोरी नदीवर जो बांध घातला गेला, त्याच्या पोटात हा महाल आहे आणि पावसाळ्यात त्याच्या दोन अंगांनी नर-मादी धबधबे कोसळतात. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे हे दृश्य पाहण्यास जातात आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच पावसाने त्याच तटाच्या सांध्यांत जी हिरवी वस्ती उभी राहते, तिच्याकडे मान वळवणारा क्वचितच भेटतो. दगडावर, दगडात आणि दगडाच्या आधाराने जगणाऱ्या दख्खनच्या वनस्पतींचा इतिहास कोणी लिहिला, कोणी वगळला आणि आज त्यांचा धनी कोण, हा प्रश्न आम्ही या लेखात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

दख्खनचा काळा पाषाण हा रोपट्यांना दिलेला मोठा कठोर आश्रय होय. चार महिने पाणी, आठ महिने ऊन. माती बोटभर, तीही खडकाच्या खाचेत. अशा ठिकाणी जी रोपे तग धरतात, ती आपली शिदोरी अंगातच बाळगतात. कोणी ती जमिनीखालच्या कंदात साठवते, कोणी मांसल खोडात. कंदिलाच्या आकाराच्या फुलांवरून ज्यांना आपण कंदीलपुष्प म्हणतो, ती खरपुडीची जात पहिल्या प्रकारातली. तिचे फूल म्हणजे निसर्गाने रचलेला एक सापळा आहे. गंधाने ओढली गेलेली बारीक माशी नळीत उतरते. आत खालच्या दिशेने वळलेले केस तिला परत फिरू देत नाहीत. फूल कोमेजू लागले की केस सुकतात आणि परागांचे ओझे घेऊन कैदी सुटतो. माकडशिंगी ही दुसऱ्या प्रकारातली; तिचे चौकोनी, पानांवाचूनचे खोड दुष्काळातही हिरवे असते. गुराख्यांनी खरपुडीचे कंद खाल्ले, माकडशिंगीची भाजी केली; ग्रंथांत नोंद होण्याच्या कितीतरी आधीपासून ही रोपे माणसांच्या ओळखीची होती.

मग ग्रंथांत कोणाची नोंद झाली? येथे भूगोलापेक्षा राजकारणाचा हात अधिक दिसतो. मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन हे पुण्याजवळच्या दापोडी येथील वनस्पती उद्यानाचे अधीक्षक होते. १८४७ साली ते इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. त्याच सुमारास त्यांनी उद्यानातील व परिसरातील वनस्पतींची दीडशेहून अधिक चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. ही चित्रे काढणारा कलावंत पोर्तुगीज वंशपरंपरेचा भारतीय होता, एवढेच इतिहासाला ठाऊक आहे. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. रोपाचे नाव लॅटिनमध्ये टिकले, चित्रकाराचे नाव कोणत्याच भाषेत टिकले नाही. हे वाचून आमचे मन काही काळ थबकले, हे सांगावयास हवे.

गिब्सन व निकोल डॅल्झेल यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १८६१ साली निघाला. पुढे पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात अधिक विस्तृत ग्रंथ सिद्ध केला. दोन्ही ग्रंथांची सीमा मात्र इलाख्याची सीमा होती. सोलापूर इलाख्यात, म्हणून ग्रंथाच्या आत. तेथून पन्नास किलोमीटरच्या आत असलेले नळदुर्ग निजामाच्या राज्यात, म्हणून ग्रंथाच्या बाहेर. खडक तोच, पाऊस तोच, रोपेही बहुधा तीच. पण कागदावर एक रेघ होती आणि रेघेपलीकडचा माळ ओसाड दिसत होता.

नळदुर्ग लेखणीला अगदीच अपरिचित होते असेही नाही. १८५३ च्या तहाने हा मुलूख काही वर्षे इंग्रजांकडे सोपविला गेला आणि कर्नल मेडोज टेलर उपायुक्त म्हणून येथे आले. त्यांच्या आत्मचरित्रात हा किल्ला आहे. १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘तारा’ या कादंबरीत तुळजापूर व नळदुर्ग यांचा परिसर आहे. १८६० साली हा मुलूख निजामाकडे परत गेला. माणसे, मंदिरे, तटबंदी यांना त्या अल्प काळात वाचा फुटली. खाचेतल्या कंदाला ती फुटली नाही. हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९५८ साली औरंगाबादेस विद्यापीठ उभे राहिले आणि त्यानंतर प्राध्यापक वि. ना. नाईक यांनी ‘उस्मानाबादची वनस्पती’ या विषयावरील आपला इंग्रजी ग्रंथ १९७९ साली प्रसिद्ध केला. १८६१ पासून मोजले तर एकशे अठरा वर्षे झाली. जिल्ह्याचे नाव २०२३ पासून धाराशिव झाले आहे. रोपांच्या नावांचा पाठपुरावा मात्र त्या ग्रंथापासूनच करावा लागतो.

या दीर्घ मधल्या काळात रेघेअलीकडे जे कार्य झाले, त्यात आपल्या धर्मबांधवांचा वाटा मोठा आहे आणि तो येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात स्विस येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी वाळवलेल्या वनस्पतींचा जो संग्रह उभा केला, तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. चार्ल्स मॅककॅन यांच्यासमवेत त्यांनी पाचगणीच्या कंदीलपुष्पास शास्त्रीय नाव दिले. स्पेनमध्ये १९०३ साली जन्मलेले आणि पुढे भारताचे नागरिक झालेले फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव यांनी तोच वारसा पुढे चालविला. १९५३ साली त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ निघाला. १९५४ नंतर भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पुनर्रचनेची धुरा त्यांनी वाहिली. १९६७ साली ते पद्मश्रीने सन्मानित झाले व १९७० साली निवर्तले. १९६८ साली सह्याद्रीतील एका नव्या कंदीलपुष्पास वाधवा व अन्सारी यांनी त्यांचे नाव दिले. धर्मगुरूच्या स्मृतीस चिरेबंदी स्मारकापेक्षा पावसाळ्यात उगवून पुन्हा मातीत जाणारे फूल अधिक शोभते, असे आम्हांस वाटते.

आता ज्या रोपाने हा प्रश्न सर्वांत तीव्र केला त्याकडे वळू. डॅल्झेल यांनी १८६० च्या दशकात एका मांसल रोपाचे वर्णन केले आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून त्याला फ्रेरिया असे नाव दिले. माकडशिंगीच्या गोत्रातली रोपे बहुतेक बिनपानांची. या रोपाला मात्र खरीखुरी मांसल पाने आहेत. कड्यावरून लोंबणाऱ्या फांद्यांवर पावसाळ्याच्या उत्तरार्धात गडद लाल, पिवळ्या ठिपक्यांची चांदणीसारखी फुले येतात. उन्हाळ्यात पाने झडतात. गावकरी त्यास शिंदळ माकडी म्हणतात. शिवनेरीवर आढळते म्हणून शिवसुमन हे नावही रूढ झाले. हे रोप निसर्गतः महाराष्ट्राबाहेर कोठेच नाही. ज्यांचे नाव त्याला मिळाले, ते फ्रियर १८७७ साली दक्षिण आफ्रिकेचे उच्चायुक्त होऊन गेले आणि या रोपाचे असंख्य भाऊबंद त्याच भूमीत वाढतात, हा योगायोग म्हणावयाचा. शास्त्रज्ञांनीही त्याचे गोत्र अनेकदा बदलले. २०१७ साली तर ते कंदीलपुष्पांच्याच कुळीत नेऊन बसविले गेले.

याच काळात युरोपात खडकातल्या रोपांचा नाद वाढत होता. लंडनजवळच्या क्यू उद्यानात १८८२ साली शिलोद्यान उभे राहिले. १९०७ साली रेजिनाल्ड फॅरर यांनी आपल्या शिलोद्यानावर ग्रंथ लिहिला आणि हा छंद घराघरांत शिरला. आफ्रिकेच्या नाताळ प्रांतातील हृदयाकृती पानांचे कंदीलपुष्प आज जगभर खिडकीत टांगलेले दिसते. आमची शिंदळ माकडीही हौशी संग्राहकांच्या काचघरांत पोचली. फांदी तोडून लावली तरी ती जगते. त्यामुळे परदेशच्या कुंडीत ती सुखाने आहे आणि जन्मभूमीच्या कड्यावर तिची गणना संकटग्रस्तांत आहे. १९८७ ते १९९० या काळात प्रसिद्ध झालेल्या भारतीय संकटग्रस्त वनस्पतींच्या ग्रंथात तिची नोंद आहे.

संग्राहकास सरसकट दोष देणे मात्र न्यायाचे होणार नाही. कुंडीत वाढविलेल्या रोपाची फांदी दुसऱ्यास देणारा संग्राहक कड्याचे ओझे हलके करतो; कड्यावरून मुळासकट उपटणारा कडा रिकामा करतो. भेद छंदात नाही, हातात आहे. शिरवळच्या नवरोजी गोदरेज वनस्पती संशोधन केंद्राने फ्रेरियाची लागवड केली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्राध्यापक यादव यांनी कंदीलपुष्पांचा संग्रह जोपासला. कायद्याने मात्र उशीर केला. १९९१ साली वन्यजीव कायद्यात वनस्पतींना प्रथम स्थान मिळाले तेव्हा सहाच नावे होती आणि त्यांत महाराष्ट्राच्या कातळावरचे एकही नव्हते. परदेशी संग्राहकास येथील जैविक संपत्ती नेण्यासाठी परवानगी बंधनकारक झाली ती २००२ च्या कायद्याने.

कायदा सीमेवर थांबवू शकतो. तटाच्या खाचेत तो पोचत नाही. किल्ल्याची डागडुजी करताना चिरे फोडणारे वड-पिंपळ काढलेच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. परंतु त्याच झपाट्यात सांधे खरवडून सिमेंटने बुजविले की वीतभर उंचीची निरुपद्रवी रोपेही कायमची जातात, आणि ती गेल्याची दाद कोणी मागत नाही, कारण ती तेथे होती याचीच कोणी नोंद ठेवलेली नसते. नळदुर्गासारख्या स्थळी दुरुस्तीच्या आराखड्याबरोबर एक पावसाळाभर खाचांतल्या रोपांची यादी केली जावी. गुराख्यांना ठाऊक असलेली नावे त्यात लॅटिन नावांशेजारी लिहिली जावीत. आणि हे काम परिसरातील शाळा-महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांकडून करून घ्यावे. त्यास मोठा निधी लागत नाही. वही, भिंग आणि चार महिन्यांचा धीर पुरतो.

संग्राहक, शास्त्रज्ञ व राज्यकर्ते यांनी या रोपांना आपापली नावे दिली आणि त्यांचे ऋणही आपण मानले पाहिजे. धनी मात्र नाव देणारा नसतो; राखण करतो तो धनी. ती राखण आजवर कातळाने एकट्याने केली आहे.