फाळके आणि त्यांचे भागीदार : एका व्यवहाराचा विचार

कै. धुंडिराज गोविंद फाळके यांच्या चरित्राविषयीं लिहिणाऱ्यांत दोन पक्ष पडलेले दिसतात. भागीदारांच्या कृपणतेनें एका कलावंताचा घात केला, असें एक पक्ष म्हणतो; ज्यास खर्चाची मर्यादा ठाऊक नाहीं अशा गृहस्थाशीं भागीदारींत कोणाचेंच जमलें नसतें, असें दुसरा म्हणतो. दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत. परंतु सालें व रकमा एकापुढें एक मांडून पाहण्याचे श्रम दोघांनींही फारसे घेतलेले नाहींत, असें आम्हांस वाटतें. प्रस्तुत लेखांत तेवढेंच करण्याचें योजिलें आहे.

१९१२ सालीं फाळके विलायतेस गेले ते आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून. परत आल्यावर चित्रपटासाठीं जें कर्ज काढावें लागलें त्याच्यापायीं सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. 'राजा हरिश्चंद्र' हा ३७०० फूट लांबीचा पट ३ मे १९१३ रोजीं मुंबईस कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. कथा रचणें, नटांस शिकविणें, फीत धुणें, छापणें, हीं सर्व कामें एकाच माणसाच्या हातचीं किंवा त्याच्या नजरेखालचीं होतीं. पैसा उभा करणाराही तोच व वेचणाराही तोच. धनको मुद्दल व व्याज मागतो. एखादा प्रसंग कितीदां पुन्हा घेतला, हें तो विचारीत नाहीं. भागीदार विचारतो. पुढील सर्व कलहाचें बीज आमच्या मतें या भेदांत आहे.

१९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें आणि ज्यांनीं पैसा पुरविण्याचें कबूल केलें होतें त्यांनीं हात आखडता घेतला. तीन वर्षें ओढाताणींत गेलीं. १९१७ च्या 'लंकादहना'नें मात्र घडी पुन्हा बसविली. (या पटांत राम व सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीं केल्या होत्या. नट कमी मिळत हें खरेंच. पण खर्चाच्या बाजूनें पाहतां ही युक्ति वाईट नव्हती!) या सुमारास फाळके यांच्या धंद्याचें मर्यादित कंपनींत रूपांतर करावें, असा विचार लोकमान्य टिळक प्रभृतींनीं पुढें मांडला होता, तो योग साधला नाहीं. त्याच कालांत 'नवयुग' मासिकांत 'भारतीय चित्रपट' या मथळ्याखालीं फाळके यांनीं आपल्या धडपडीची हकीकत स्वतः लिहिली. ही लेखमाला अस्सल व समकालीन खरी. तथापि ती भांडवल हवें असलेल्या माणसानें लिहिलेली आहे, हें विसरून चालणार नाहीं. बखर वाचतांना जी सावधगिरी आपण बाळगतों तीच येथें बाळगावी.

१ जानेवारी १९१८ रोजीं हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी स्थापन झाली. वामन श्रीधर आपटे हे व्यवस्थापक भागीदार, आणि लक्ष्मण बळवंत फाटक, मायाशंकर भट्ट, माधवजी जेसिंग व गोकुळदास दामोदर हे इतर भागीदार होते. फाळके यांनीं काम करावयाचें व इतरांनीं पैसा घालावयाचा, अशी विभागणी होती. 'श्रीकृष्ण जन्म' त्याच वर्षीं निघाला व 'कालिया मर्दन' पुढील वर्षीं. दोहोंत कृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिनें केली आणि दोन्ही पट उत्तम चालले.

आणि येथेंच वाचकानें थांबावें. भांडण झालें तें तोटा आल्यामुळें नव्हे. पट चालत असतां, पैसा परत येत असतां १९१९ सालीं फाळके कंपनींतून बाहेर पडले. वेळ फार लागतो व खर्च आंवरत नाहीं, ही भागीदारांची तक्रार. निर्मितीच्या कामांत दुसऱ्या कोणी हात घालूं नये, हा फाळके यांचा आग्रह. भागीदारांस कृपण म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें कीं, त्या काळीं चित्रपटाचा खर्च आधीं सांगणें कोणासही शक्य नव्हतें, आणि ज्याच्या पदरचा पैसा त्यांत अडकला आहे त्यानें हिशेब मागणें हा अपराध नाहीं. शाळेच्या संमेलनाचा एक पडदा रंगवितांना अंदाजपत्रकाची काय दशा होते, हें आम्ही तीस वर्षें पाहिलेलें आहे! भागीदारांची चूक निराळी होती. कारागिरास बांधलें म्हणजे खर्च बांधला, अशी त्यांची समजूत झालेली दिसते.

फाळके काशीस जाऊन राहिले. तेथें त्यांनीं 'रंगभूमि' नांवाचें नाटक लिहिलें. तें १९२२ सालीं रंगमंचावर आलें, परंतु लोकांस रुचलें नाहीं. त्यानंतर ते नाशिकास कंपनींत परतले ते निर्मितिप्रमुख व तांत्रिक सल्लागार म्हणून, दरमहा १००० रुपये पगारावर. वेतन त्या काळच्या मानानें भरघोस होतें. परंतु ज्यानें धंदा उभा केला तो आतां त्याच धंद्याचा नोकर झाला.

या प्रकरणाचा उत्तरार्ध 'सेतुबंधना'चा. फाळके कंपनीपासून पुन्हा निराळे झाले व 'फाळके डायमंड कंपनी' निघाली. तिला ५०,००० रुपये दिले मायाशंकर भट्ट यांनीं, म्हणजे १९१८ च्या भागीदारांपैकींच एकानें. दहा वर्षांच्या अनुभवानंतरही त्या गृहस्थाचा फाळके यांच्यावरील विश्वास ढळला नव्हता. 'कृपण भागीदार' हें विशेषण सरसकट लावणाऱ्यांनीं याचें उत्तर द्यावें. चित्रीकरण हंपी, मद्रास, रत्नागिरी असें दूरदूर चाललें. रक्कम संपली, काम थांबलें. शेवटीं आपटे साहाय्यास आले, पण ही नवी कंपनी हिंदुस्थान कंपनींत विलीन व्हावी या अटीवर. पटास दोन वर्षें लागलीं. वाल्मीकींच्या युद्धकांडांत वानरांनीं शंभर योजनांचा सेतु पांच दिवसांत बांधला. त्यांना मात्र फीत विकत घ्यावी लागली नव्हती!

हा विलंब नुसता महाग पडला असता तर निभावलें असतें. पण मध्यंतरीं १४ मार्च १९३१ रोजीं 'आलम आरा' हा पहिला बोलपट मुंबईंत झळकला आणि मूकपटाचा बाजार उठला. 'सेतुबंधना'स मागाहून आवाज जोडावा लागला व त्याचा खर्च निराळा झाला. पूर्वींच्या सर्व वादांत वेळ म्हणजे पैसा, एवढाच हिशेब होता. येथें वेळानें मालाची किंमतच खाल्ली. भागीदारांची १९१९ ची तक्रार बारा वर्षांनीं अशा रीतीनें खरी ठरली, तीही त्यांनीं न योजिलेल्या कारणानें.

फाळके यांचा अखेरचा पट 'गंगावतरण'. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांच्या निमंत्रणावरून कोल्हापूर सिनेटोनसाठीं तो झाला, १९३७ सालीं प्रदर्शित झाला, व त्यास सुमारें अडीच लक्ष रुपये लागले. येथें हिशेब मागणारा भागीदार नव्हता, आश्रयदाता राजा होता. तरी काळ दोन वर्षांचाच लागला. यावरून संथपणा हा परिस्थितीचा नसून फाळके यांच्या कामाच्या पद्धतीचाच भाग होता, असें अनुमान करण्यास आम्हांस हरकत दिसत नाहीं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं ते नाशिक येथें वारले.

फितींविषयीं दोन शब्द संग्राहकांसाठीं. 'राजा हरिश्चंद्रा'चीं पहिलें व शेवटचें अशीं रिळेंच आज उरलीं आहेत, आणि तीं मूळ १९१३ च्या पटाचीं नसून १९१७ सालीं पुन्हा घेतलेल्या पटाचीं आहेत, असें अभ्यासकांचें मत आहे. पोथ्यांच्या पाठभेदांशीं ज्यांचा परिचय आहे त्यांना या प्रश्नाचें स्वरूप सांगावयास नको. त्या काळची फीत ज्वालाग्राही, आणि तिच्या लेपांत चांदी. तेव्हां कांहीं जळाल्या, कांहीं चांदीसाठीं गाळल्या गेल्या. पुणें येथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं निघालें. तोंवर बहुतेक नाश होऊन गेला होता.

कागदाची गोष्ट अजून हातची गेलेली नाहीं. नाशिक, मुंबई व कोल्हापूर येथील जुन्या घरांतून रुमाल उलगडतांना आपले संग्राहक शके व मोहोर पाहून कागद निवडतात, आणि १९१८ नंतरच्या खतावण्या, पावत्या, भागीदारीचे करारनामे अर्वाचीन म्हणून रद्दींत देतात. अशा कागदांवर फिल्म कंपनीचें किंवा वर दिलेल्या गृहस्थांपैकीं कोणाचें नांव दिसल्यास ते कृपा करून बाजूस ठेवावे व मंडळास कळवावें.